मास्कमधली माशी

“सांगून खरं वाटणार नाही, जावईबापू, पण तुमच्या लग्नात मला मधमाशीनं रडवलं!” टीव्हीवर थांबवलेल्या व्हिडिओतल्या स्वतःच्या ओल्या डोळ्यांकडे आबांनी बोट दाखवलं.

“गजऱ्यांनी शिंका येतात, म्हणून तोंडाला मास्क. दोन्ही हातांत अंतरपाट. मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरीच्या हारातली माशी थेट मास्कमध्ये! ती आत कोंडली, मी बाहेर अडकलो. अंतरपाट सोडावा, तर मुहूर्ताआधीच तुमची नजरानजर. ती मिशीत फिरतेय, डसतेय. भटजींचं ‘सावधान’ काही संपेना. डोळ्यांना धारा लागल्या. लोक म्हणतात, म्हातारा नातीसाठी रडला!”

चहा घेऊन आलेली नात दारातच थबकली.

“आबा, तुम्हाला शिंका येऊ नयेत म्हणून आमचे हार मी कापडी फुलांचे करून घेतले होते. त्यात मधमाशी कुठली?”