बॉनेटखालचा मासा

बोकसुनमावशीच्या व्हॅनचं इंजिन खडखडायला लागलं, म्हणून मेकॅनिक कांगसूने बॉनेट उघडलं आणि नाक दाबलं. “मावशी, इंजिनापाशी सुका मासा कशाला?” “गाडी घेतली तेव्हा अपघात टळावेत म्हणून पुजून बांधलाय. हात लावून बघच!” हसतच त्याने इंजिनाला हवा पुरवणारा मॅनिफोल्ड उतरवला आणि आत वाकून पाहिलं. आतल्या झडपेचा स्क्रू सैल होऊन निसटला होता. “इंजिनात पडला असेल तर इंजिन गेलं.” मावशीकडे किमचीच्या लोणच्याचे डबे पोचवायला दुसरी गाडी नव्हती. त्याने आत कॅमेरा घातला, लोहचुंबक फिरवलं, फरशी झाडली. स्क्रू नाहीच. वैतागून मध्ये येणाऱ्या माशाची दोरी सोडली, तर माशाच्या उघड्या तोंडातून स्क्रू टिणकन पडला. “मॅनिफोल्ड उतरवताना मीच पाडला की!” कांगसू ओरडला. मावशी मटकन बसून हसत सुटली. मासा परत बांधताना कांगसूने अदबीने विचारलं, “तोंड मॅनिफोल्डकडेच ठेवायचं ना?”