स्टीलच्या डब्यातलं काळीज

"सर, मेंढीचं काळीज माणसात बसवलं, तर माणूस बें बें करील का?"

बानू हे विचारायची नाहीच, अशी वर्गातल्या पोरींनी पैज लावली होती. बानूनं विचारलं. थेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, पांढरा कोट घातलेल्या साळवे सरांना, तेही आईबापासमोर.

सर खळखळून हसले. "नाही करणार. फार तर कळपामागं जाईल. ते तर माणूस आताही जातोच."

बानूही हसली. तिचे वडील कडूबा हसले नाहीत. मांडीवर धरलेला, फडक्यात बांधलेला डबा त्यांनी टेबलावर ठेवला. शेजारी स्टुलावर माय, केसरबाई, तोंडाला पदर लावून दम खात बसली होती. एक जिना चढली होती फक्त. तिच्या हृदयाची झडप आवळत चालली होती. मुंबईच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते.

"गावात सांगून आलो नाय. नामांतरावरनं गाव पेटलंय," कडूबा म्हणाले. "नव्या नावाच्या विद्यापीठात चाललो म्हणलं आसतं, तर वेशीतच आडवलं आसतं."

"आणि इथं गेटवर पोलिसांनी?" सरांनी विचारलं.

"डबा हुंगला. सोडलं."

त्यांनी फडक्याची गाठ सोडली. "घ्या. पहाटं कापली. आमची काळतोंडी. कळपात तिच्यावानी दुसरी नाय. लई ताजं हाये. ह्याची हिला झडप करा."

सरांनी झाकण काढलं. आत तांबडंकाळं, गुळगुळीत काहीतरी चकाकत होतं. सरांनी डबा खिडकीच्या उजेडाकडं वळवला.

"काका, हे यकृत आहे. हे काळीज नाही."

"काळीज नाय?" कडूबांचा आवाज चढला. "उभा जन्म मेंढरात गेला माझा! शहागंजात कोन्त्याबी दुकानात जा, काळीज मागा. हेच देतेत का नाय बघा!"

खरंच होतं ते. बानूचे कान तापले. मागच्या आठवड्यात सर शाळेत बोलायला आले होते. नामांतराच्या बंदमुळं शहागंजातली मटणाची दुकानं उघडत नाहीत, काळीज मिळंना म्हणून आमचं झडपा करायचं काम अडलंय, असं म्हणाले होते. पोरांना कळावं म्हणून 'हृदय' म्हणायच्या जागी 'काळीज' म्हणाले होते. तिनं घरी जसंच्या तसं सांगितलं होतं, वर हातवारे करून.

"चूक माझी झाली," सर म्हणाले. "मला धडधडतं ते म्हणायचं होतं."

"आसं व्हय." कडूबा खुर्चीत बसले. "दिल. त्याला आमी दिल म्हणतो. ते वाट्यात घातलं. भावकीत गेलं."

"खरं तर तेही नको. त्याच्याभोवतीची पिशवी लागते." सरांनी एक काचेची ताटली पुढं सरकवली. पाण्यात कांद्याच्या पापुद्र्यासारखा पांढरा पडदा तरंगत होता. "ह्याच्यातल्या मेंढीच्या पेशी धुऊन टाकायच्या. उरते ती जाळी. तिच्यावर माणसाच्या पेशी वाढवायच्या. मग तिची झडप शिवायची."

केसरबाईनं वाकून पाहिलं. "आगं बया. हे तर आपन कुत्र्याला टाकतो."

कडूबा उठलेच. "उद्या दुसरी कापतो. दिल, पिशवी, समदं आनतो. म्हणाल तर आख्खा कळप इथं आनून बांधतो, सर."

"काका, बसा. तसं नाही हो ते. माणसात अजून बसवताच येत नाही. आत्ता कुठं एका मेंढीच्या हृदयाला ह्याचं ठिगळ लावून बघतोय."

"मंग माणसाला कधी?"

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"दहा वर्षं. सगळं नीट झालं तर."

केसरबाईनं खिडकीतून खाली पाहिलं. खिडकीखाली ती मेंढी खुंट्याला बांधलेली होती. छातीची लोकर भादरलेली, मध्ये शिवणीचा व्रण. शांतपणे रवंथ करत होती.

"हिला लावलं, व्हय?" केसरबाईनं विचारलं.

"हो."

"बरी हाये?"

"एकदम बरी आहे."

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "मीच मेंढरू व्हायला पायजे हुतं. तुमीबी जरा जिवापाड जपलं आसतं."

ती हसायला लागली. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याचा दम. बानूनं तिची पाठ धरली. लुगड्याआडून तिचा श्वास हाडाहाडात हाताला लागत होता. कडूबा डब्याला फडकं बांधत होते. मेंढराच्या पायाला डोळे मिटून गाठ मारणारा माणूस, पण गाठ काही बसेना. पुन्हा सुटली. पुन्हा.

बानूनं डबा त्यांच्या हातातून काढून घेतला. करकचून गाठ मारली.

"आबा, माय, ऐका. मी ठरवलंय. दहावी झाली की लगीनबिगीन काय नाय. मी इथं शिकणार. ह्याच नावाच्या विद्यापीठात, ह्याच खोलीत. गावाला काय सांगायचं ते तुम्ही सांगा." आवाज चिरकला, तशी ती आणखी मोठ्यानं बोलली. "आन् माय, तवर तू मरायचं नाय. तेबी मीच ठरवलंय."