हुस्नबानोची तीनचाकी

"सोड आता," हुस्नबानो म्हणाली. "मागून धरून ठेवलंस तर मी कधीच शिकायची नाही."

मुनिराने खुर्चीच्या पाठीवरचे हात काढले. तीनचाकी जरा डुगडुगली आणि सरळ चालू लागली. हुस्नबानो छातीसमोरचं पायडल दोन्ही हातांनी फिरवत होती. जव्हारच्या त्या गल्लीतल्या बायका उंबऱ्यावर येऊन बघत राहिल्या.

हुस्नबानो बांगड्या विकायची. मोखाड्याच्या बाजारातून परतताना जीप उलटली आणि तिचे दोन्ही पाय कायमचे गेले. नवरा त्याआधीच वारला होता. मुनिरा तेव्हा पंधरा वर्षांची होती. तेव्हापासून आईला उचलणं, अंघोळ घालणं, परसाकडे नेणं सगळं तीच करी. आता ती सत्तावीसची झाली होती. स्थळ आलं की विचारायची, "अम्मीला कोण बघेल?" पाहुणे चहा पिऊन उठायचे.

"पोटची पोर असावी तर अशी," गल्ली म्हणायची.

गाडी शरीफने बनवली. बाजाराच्या तोंडाशी त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दोन मोडक्या सायकली जोडून त्याने मधे लाकडी खुर्ची बसवली, पायडल वर हाताशी घेतलं आणि उतारासाठी दांड्याचा ब्रेक लावला.

पावसाळा सरला तशी हुस्नबानो बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन एकटी बाजारात गेली.

"भाभी, तूच का गं?" सूर्यमाळहून आलेली सकू ओरडली. "आमाला वाटलं, तू मेलीस!"

"मेलेच होते," हुस्नबानो हसली. सकूचा हात दाबून मऊ करत तिने हिरव्या बांगड्या चढवायला घेतल्या.

संध्याकाळी मुनिरा तिला आणायला निघाली. अर्ध्या वाटेतच आई समोरून येताना दिसली.

"तू कशाला आलीस?" हुस्नबानो म्हणाली आणि न थांबता पुढे गेली.

हळूहळू ती सगळंच करू लागली. पाटावर बसून अंघोळ, चुलीपाशी सरकून भाकरी. मुनिरा मदतीला आली की तिचा हात बाजूला सारायची.

एक दिवस ती म्हणाली, "सत्तारमामूने भिवंडीचं स्थळ आणलंय. जहीर नाव. यंत्रमागावर आहे, मुलगा चांगला आहे. मी हो म्हटलंय. आता मला तुझी गरज नाही, बेटा. सुखाने जा."

बारा वर्षांत इतकी खूश ती कधी दिसली नव्हती.

मुनिरा तांदूळ निवडत होती. "बरं, अम्मी," ती म्हणाली.

निकाहाला आठवडा उरला असताना हुस्नबानो बाजाराला निघाली. वस्तीखालच्या उतारावर तिने ब्रेक ओढला. दांडा नुसताच हातात आला. गाडी दगडी कठड्यावर आदळली. रस्ताभर बांगड्यांचा चुरा झाला.

दवाखान्यात दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेले. हाडं जुळतील, पण पूर्वीचा जोर येणार नाही, डॉक्टर म्हणाले.

शरीफ धावत आला. "खाला, काल संध्याकाळी मी स्वतः ब्रेकचा नट आवळून गेलो होतो. तो आपोआप सुटलेला नाही. कुणीतरी पान्याने ढिला केलाय."

"आपलं पाप दुसऱ्यावर ढकलतोस?" सत्तार अंगावर गेला. "चालता हो! ते भंगार पुन्हा आमच्या दारात आणायचं नाही."

शरीफने हुस्नबानोकडे पाहिलं. तिने मान फिरवली. तो खाली मान घालून निघून गेला.

"मामू," मुनिरा म्हणाली, "भिवंडीला कळवून टाका. अशा हालतीत मी अम्मीला सोडून कशी जाऊ?"

सत्तारचे डोळे भरून आले. "खुदाने अशी बेटी सगळ्यांना द्यावी," तो म्हणाला.

दुपारी जीपने आईला घरी आणलं. मुनिराने तिला उचलून खाटेवर ठेवलं, अंग पुसलं, केस विंचरले, वेणी घातली. डाळ शिजवताना ती काहीतरी गुणगुणत होती. मग ताटली घेऊन आईजवळ बसली, वरणभात मऊ कालवला आणि पहिला घास तिच्या ओठांपाशी नेला.

"खा ना, अम्मी."

हुस्नबानो त्या हाताकडे बघत राहिली. नखांच्या कडांना साबणानेही न निघालेलं काळं ग्रीस होतं. बऱ्याच वेळाने तिने तोंड उघडलं.