भिंतीपलीकडचा पंखा

मिस्त्रीने जाळी धुतली, गॅस भरला, आणि संघपालच्या घरचा, विद्यानगरच्या गल्लीतला पहिला एसी पुन्हा गार हवा देऊ लागला. गावच्या देशमुखांचा नातू, जो आता संघपालचा ऑफिसातला दोस्त होता, उद्या सुट्टीसाठी बायकामुलांसह मुक्कामाला येणार होता.

संघपालचे वडील देवराव मात्र बाहेर, एसीच्या मागच्या गरम झोतात उभे होते.

"बाबा, आत या की. तिथं कशाला भाजून घेताय?"

"वीज नव्हती तेव्हा तुझ्या दोस्ताच्या आजाला झोप लागावी म्हणून मी दुपारभर आतल्या पंख्याची दोरी ओढायचो. भिंतीच्या भोकातून बाहेर काढलेली. असाच उन्हात बसायचो."

"लई मोठा होता का पंखा?"

"काय माहीत. आत कोण येऊ देत होतं? मी दोरीच बघितली."