खालचा पूल

ऑर्व्हलने होडी नदीत लोटून दोर धरला. बास माशांना भुलवायला पिसांच्या खोट्या माश्या त्याने आठवडाभर बांधल्या होत्या. तो प्रवाहाबरोबर गळ टाकत जायचा आणि बायको व्हर्ना ट्रक नेऊन नऊ मैलांवरच्या खालच्या पुलापाशी थांबायची. चाळीस वर्षांचा शिरस्ता. आजही तिने ट्रक चालू केला. “म्हाताऱ्या, आज तरी मासा आण, थापा नकोत.” “आणतो. पुलापाशी भेट.” “कुठल्या पुलापाशी?” तो हसला. ती हसली नाही. “अगं, आपला लोखंडी पूल.” “इथून कसं जायचं रे?” रस्ता एकच होता, सरळ. दोर त्याच्या तळहातात ओढ घेत होता. शेवटी त्याने होडी काठावर ओढली आणि किल्लीसाठी हात पुढे केला. “आज मासे नाहीत गं.” व्हर्ना खळखळून हसली. “अरे, पाण्यात उतरायच्या आधीच हरलास?”