बत्तीस कार्डं

"नाव टाकायचं न्हाई, मावशी," धम्मशीलाने तिसऱ्यांदा सांगितलं. "शाळंतल्या सरांनी तेवढं एकच बजावलंय."

दगडाबाईने पेन खाली ठेवला. 'भक्ती' ही दोन अक्षरं तिने आठ दिवस गिरवली होती. तिला लिहिता येणारी तेवढीच.

झरीच्या बचत गटातल्या आठ बाया धम्मशीलाच्या ओसरीवर बालदिनाची कार्डं छापत होत्या. भेंडी आडवी कापायची, रंगाच्या ताटलीत टेकवायची, कागदावर दाबायची. पाच पाकळ्यांचं फूल उठतं. दहाएक छापे झाले की फूल फुगतं, मग नवी चकती कापायची. उरलेली भेंडी कुणी घरी न्यायची, यावरून सकाळीच एक भांडण होऊन गेलं होतं.

एरवी कार्डं परभणीच्या दुकानात जायची. ही बत्तीस मात्र गंगाखेडच्या एका शाळेत, पहिलीच्या वर्गाला जाणार होती. त्या वर्गात दगडाबाईची नात भक्ती होती. लेक गेल्यावर पोर चार वर्षं दगडाबाईनेच सांभाळली. मग जावयाने दुसरं लग्न केलं, पोरीला नेलं आणि आजोळी येणं-जाणं बंद केलं. गेल्या वर्षी दगडाबाई शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली, तर त्याने पोरीची शाळाच बदलली. एकट्या भक्तीला कार्ड गेलं तर तो भांडायला येईल. सगळ्या वर्गाला गेलं तर कुणाला कळणार नाही. ही युक्ती गटातल्या कडूबाईची.

आणि कुरकुरही तिचीच. "माझ्या नातवानं जन्मात कार्ड पाह्यलं न्हाई, अन् मी हितं परक्या पोरायला फुलं छापायलेय."

"तुमच्या नातवाला दिलं तर खाऊन टाकंल त्ये," सुमनबाई म्हणाली.

बाया हसल्या. दगडाबाईही हसली. मग तिने एक कार्ड बाजूला घेतलं. त्यावर तिने तीन फुलं दाबली होती, एकही फुगलं नव्हतं. तिने करंगळी काळ्या शाईच्या पॅडवर टेकवली आणि कार्डाच्या कोपऱ्यात एक ठिपका दिला.

"ह्ये काय, मावशी?"

"तीट. गालाला लावायचे तिच्या. एका जागी ठरत नव्हती, लगीच पुसायची." तिने कार्ड धम्मशीलापुढे धरलं. "ह्ये भक्तीचं. सरायला सांग, ठिपक्याचं तिला द्या म्हणावं."

धम्मशीलाने कार्ड हातात घेतलं नाही.

"सर म्हणले, कुणासाठी हाय ते मला सांगूच नका. उद्या कुणी विचारलं तर मला ठाऊक नको. ते गठ्ठ्याच्या वरून एकेक वाटत जातील."

"मग ह्ये कुणाला जाईल?"

"कुणालाबी."

दगडाबाई कार्डाकडे बघत राहिली. तिच्या चकतीवरचा रंग वाळून गेला. मग तिने वाळलेल्या कार्डांचा गठ्ठा ओढून मांडीवर घेतला. शाईवर करंगळी टेकवली, दुसऱ्या कार्डाला ठिपका दिला. तिसऱ्याला दिला.

"अगं बाई," कडूबाई म्हणाली, "समद्या वर्गाला तीट लावतीस का आता?"

"तिच्या हातात कंचं पडंल, सांग तू." दगडाबाईने मान वर केली नाही. "सांग. तेवढ्या एकालाच लावते, बाकीची ऱ्हाऊ देते."

कडूबाईने हातातली भेंडी खाली ठेवली. जवळ सरकून ती ठिपका दिलेली कार्डं एकेक करून भिंतीकडेला मांडू लागली, एकाला एक चिकटू नये म्हणून चार बोटं अंतर ठेवून.

पंचवीस झाली. तीस झाली. शेवटच्या कार्डावर दगडाबाईची करंगळी थांबली.

"त्या दिशी ती शाळंत यायला पायजे," ती म्हणाली. "सर्दी-ताप तिला लय लवकर व्हतोय."

सुमनबाईने भेंडीची एक नवी चकती कापली, कार्डं संपली होती तरी.

दगडाबाईने बोट टेकवलं, उचललं. ठिपका पुसट उठला होता. तिने तिथेच पुन्हा टेकवलं, आणि ह्या खेपेला बराच वेळ दाबून धरलं.