गुडघ्यावरची पट्टी
कुपवाडच्या कारखान्यानं कबड्डी संघासाठी कुतुबुद्दीनशी पाच वर्षांचा घसघशीत करार केला, तेव्हा त्यानं पस्तिशी ओलांडली होती. सहीच्या सकाळी त्याचा सुजलेला गुडघा पट्टीनं आवळून दिला संघातल्याच धाकट्या अनीशनं, आणि त्या करारापायी पैसे पुरेनात म्हणून संघातून काढलं तेही अनीशलाच. आज माधवनगरच्या मैदानात तोच अनीश वडूजकडून समोर उभा. कुतुबुद्दीन चढाईला गेला आणि वळताना गुडघ्यानं दगा दिला. "पाय वढ रं त्याचा!" वडूजचा कर्णधार ओरडला. अनीशनं पाय सोडून कंबर धरली, अलगद खाली बसवलं. मग कानाशी पुटपुटला, "भाई, म्या कुणाला सांगितलं न्हाई." कुतुबुद्दीन बाद होऊन बाकावर आला, तशी कारखान्याच्या मालकांनी त्याची पाठ थोपटली. "चालतंय गड्या! अजून चार वर्षं हायेत की." कुतुबुद्दीननं सगळ्यांदेखत नी-कॅप खाली ओढली, आतली पट्टी सोडली. "मालक, बघा, हे दुखणं सहीच्या आधीचं हाय."